उंदीर कुठवर आला?

फेब्रुवारी सरत आला की लातूरला गप्प बसायचा आजार होतो. एरवी सायकली, स्कूट्या, रिक्षा आणि चहाच्या गाड्यावर उभं राहून भौतिकशास्त्राचा कीस काढणारी पोरं, असं हे गाव. पण परीक्षा तोंडावर आली की गल्लीच्या गल्ली दार लावून घेते. अशा दुपारी माझी लेक आतल्या खोलीत संगणकावर सराव परीक्षा देत बसते आणि मी स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता कान देऊन राहते. काहीच ऐकू येत नाही. तिच्या माऊसच्या पोटात लाल दिवा आहे, गोळी नाही. तो हलला तरी पत्ता लागत नाही. मला ते सहन होत नाही. माऊस चालला की तो ऐकू आला पाहिजे, अशा मताची मी बाई आहे. लेक म्हणते, "आई, तुझं काहीतरीच असतं." असेल. पण त्या काहीतरीला कारण आहे.

ते कारण नांदेडचं. क्लासांच्या गल्लीतली चार मजली इमारत, वरच्या तीन मजल्यांवर फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, एकेका खोलीत शंभर-शंभर पोरं. बॅच सुटली की जिन्यावरून ओंडके लोटल्यासारखा आवाज यायचा. तळमजल्याला मागच्या अंगाला माने सरांचा कॉम्प्युटर क्लास, आठ मशीनचा. मी विशीतली, अर्धापूरहून रोज एसटीने येणारी. सकाळी कॉलेज आणि दुपारी बारापासून सरांकडे, अर्धी विद्यार्थिनी आणि अर्धी नोकर. झाडलोट, हजेरी, माऊसच्या पोटातला मळ काढणं ही माझी कामं. बदल्यात सर मला प्रोग्रामिंग शिकवायचे. वरचे क्लास डॉक्टर-इंजिनिअर घडवत होते. आम्ही काय घडवत होतो ते आम्हालाही नीट ठाऊक नव्हतं.

तेव्हा संगणकाच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, हा नियम देवळापेक्षा कडक होता. धुळीनं मशीन मरतं, असं सगळे मानायचे. आमच्या दाराबाहेर चपलांची लांबच लांब ओळ असायची. फक्त एक माणूस चपला घालून आत यायचा, ते म्हणजे सर स्वतः. त्यांचं टेबलही दारातच, निम्मं आत निम्मं बाहेर. आणि त्यांच्या सीपीयूवर दोन स्टीलचे पेले, एक उपडा, त्याच्यावर दुसरा. नवी पोरं विचारायची, "सर, चहाला हायत का?" सर नुसते हसायचे. जुनी पोरं नव्यांना कोपराने ढोसायची. सरांचं गाव औशाच्या पलीकडे, तेरणेच्या काठाला, हे जुन्यांना माहीत होतं. पुढचं सांगावं लागत नसे. मराठवाड्यात भूकंपाचं गाव म्हटलं की माणसं नजर खाली करायची.

ती गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. सर तेव्हा नांदेडला शिकत होते. गणपतीला गावाला ये म्हणून धाकट्या बहिणीनं, सुनीनं, पत्र पाठवलं होतं. प्रॅक्टिकल तोंडावर आहे म्हणून सर गेले नाहीत. गणपती बुडाले आणि दुसऱ्याच पहाटे गाव बसलं. आई आणि सुनी गेल्या. वडील, तात्या, गोठ्याशी झोपले होते म्हणून वाचले. सर गेले, तेरा दिवस तिथं काढले आणि परत आले ते आलेच. पुढं सरकारनं गाव दुसरीकडं वसवलं, तात्यांना घर मिळालं. त्या घराचं तोंड सरांनी पाहिलं नव्हतं. भूकंपाला आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती तेव्हा.

एकदा गल्लीतून खडीची लॉरी गेली आणि वरचा पेला खाली पडला. ठण्णकन आवाज. मी मान वर केली तर खुर्ची रिकामी. सर गल्लीच्या मधोमध उभे, दोन्ही हात वर करून आम्हाला ओरडत होते, "बाहेर! बाहेर या!" आणि आम्ही सगळे आत, अनवाणी, तोंडं वासून. मग लॉरीचा धुरळा खाली बसला. सर आत आले, पेला पुसून पुन्हा जागेवर ठेवला आणि 'तर या लूपची अट जोपर्यंत खोटी होत नाही' इथून पुढं शिकवायला लागले. पोरं हसली नाहीत. मला त्या दिवशी समजलं की सरांच्या चपला पायात का असतात.

सरांना छोटे छोटे प्रोग्राम लिहायचा नाद होता. विंडोजच्या कोपऱ्यात मुकाट्यानं बसून एखादंच काम करणारे. 'घंटा' तासाला वाजायची. 'पडदा' नावाचा एक होता. वरच्या मजल्यावरची पोरं गेम खेळायला घुसली की सर मशीनमागून मशीन एक बटण दाबत जात आणि आठही पडदे काळे होत. 'पाठ' दर वीस मिनिटांनी पडद्यावर लिहायचा, 'ताठ बसा.' फ्लॉपीवर घालून ते कुणालाही फुकट द्यायचे. वरचे फिजिक्सचे सर जिन्यावरून जाताना टोमणा मारायचे, "काय माने, आज कोणता डोंगर पोखरून उंदीर काढला?"

त्या टोमण्यातूनच 'चाल' जन्माला आला असावा. जूनमध्ये एक दिवस सरांनी फूटपट्टी माऊसच्या पॅडवर ठेवली, माऊस दहा सेंटिमीटर सरकवला आणि पडद्यावर बाण किती ठिपके गेला ते मोजलं. मग दिवसभर खुडबुड केली. संध्याकाळी प्रत्येक मशीनच्या कोपऱ्यात एक चिमुकली खिडकी आली. तिच्यात लिहिलेलं, 'उंदीर आज चालला : ४१ मीटर.' माऊस जितका हलेल तितकं अंतर मोजायचं, एवढंच त्याचं काम. आमच्या हाताला किती चाळा असतो, ते पहिल्यांदा आकड्यात कळलं. काही न करता बसलेला मुलगासुद्धा तासाभरात शंभर मीटर चालायचा.

आठ मशीन एकमेकांना जोडलेली नव्हती. मग रोज संध्याकाळी मी फ्लॉपी घेऊन मशीनमागून मशीन फिरायची, आकडे गोळा करायची आणि सरांच्या मशीनमध्ये बेरीज टाकायची. तिथं मोठी खिडकी होती. तिच्यात एक उभी यादी, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर, औसा. आणि सगळ्यात खाली, एकशे बासष्ट किलोमीटरवर, नुसतं 'गाव'. जितकं अंतर भरेल तितकी गावं हिरवी व्हायची.

पोरांना वेड लागलं. जाताना प्रत्येक जण दारात वाकून विचारायचा, "सर, उंदीर कुठवर आला?" सर सांगायचे, "लोहा सोडलं." "माळाकोळीच्या चढाला हाय." त्या रस्त्यानं जे कधी गेले नव्हते त्यांनाही तो रस्ता पाठ झाला. आणि सर ते सांगताना हसत असले तरी मला दिसायचं की दर आठवड्याला त्यांचं हसू थोडं उशिरा येतं. आपणच सोडलेली गोष्ट आपल्याच दिशेनं यावी तसं काहीतरी.

सहा नंबरच्या मशीनबद्दल सांगायला हवं. त्याच्या वर छताला केसाएवढी भेग होती, म्हणून सर तिथं कुणाला बसू द्यायचे नाहीत. मशीन चालू असायचं, खुर्ची रिकामी. आणि तरी संध्याकाळी तिथली खिडकी सांगायची, तीस मीटर. कधी चाळीस. मी सरांना दाखवलं. "रोलरला मळ असंल," सर म्हणाले. मी गोळी काढली, रोलर नखानं खरवडले, स्पिरिटनं पुसले. दुसऱ्या दिवशी बत्तीस मीटर. मी परत पुसले. परत छत्तीस. मग मी माऊस उलटा करून ठेवला, पाय वर. त्या दिवशी अठ्ठावीस.

"हे धरायचं का बेरजेत?" मी विचारलं.

सर बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. "धर," म्हणाले. "चाललंय ना कुणीतरी? धर मग."

त्यानंतर मी सहा नंबरचा आकडा शेवटी घ्यायची आणि पाठ न फिरवता तिथून निघायची. भित्री नव्हते मी. अर्धापूरच्या केळीच्या बागांतून एकटी पाणी द्यायला गेलेली मुलगी. तिथं पानांचा आवाज माणसाच्या चालण्यासारखा येतो आणि त्याची सवय होते. पण या खोलीत वारा नव्हता.

संक्रांतीच्या आठवड्यात तात्या आले. खांद्यावर पिशवी, पिशवीत हुरडा आणि तिळाचे लाडू. दारात थांबून त्यांनी आधी आमच्या चपलांची ओळ पाहिली, मग आपला जोडा काढला, मग लेकाच्या पायांकडं पाहिलं. सरांनी स्टूल दिलं. पोरं हुरड्यावर तुटून पडली. कुणीतरी सवयीनं विचारलं, "सर, उंदीर कुठवर आला?"

"कोणचा उंदीर?" तात्या म्हणाले.

मग पोरांनीच त्यांना सगळं सांगितलं, एकमेकांच्या तोंडचे शब्द काढून घेत. तात्यांनी चष्मा चढवला आणि यादीवर बोट ठेवत एकेक गाव वाचत खाली आले. लातूर हिरवं झालं होतं. औसा अजून काळा. सगळ्यात खालच्या ओळीवर बोट थांबलं.

"एकशे बासष्ट. हे तर जुनं गाव झालं की रे दिगंबर."

"हाव," सर म्हणाले.

"तिथं कोण हाय? बाभळी हायत नुसत्या. आपलं घर तिथून पुढं हाय." तात्यांनी बोट यादीच्या खाली, पडद्याच्या काळ्या कडेवर नेलं. "पुढचं का न्हाई टाकलं?"

सरांनी पडद्यावरून नजर काढून घेतली.

"तुला ठावं न्हाई," तात्या म्हणाले. त्यात राग नव्हता. मग ते आमच्याकडं वळून बोलायला लागले, जणू सर तिथं नव्हतेच. "नवं गाव झालं ना, पोरांनो, तर म्हशीला लई दिवस कळंना. सांज झाली की दावं तोडून जुन्या गावात. ढिगाऱ्यापाशी जाऊन हंबरायची. मी रोज आणायला जायचो. पाऊल मोजत जायचो, पाऊल मोजत यायचो. तिला शिकवली वाट. ती शिकली. पर आमच्या सुनीला कोण शिकवंल? तिला नवं घर ठावंच न्हाई. ती येत असंल तर जुन्याच गावात येत असंल आन् तिथंच बसत असंल."

हुरडा खाणाऱ्या पोरांचे हात थांबले. वर केमिस्ट्रीची बॅच सुटली, जिना धडधडला, पेले किणकिणले. सर अर्धे उठले आणि परत बसले.

"तात्या, किती हाय अंतर? सांगा, मी टाकतो," सर म्हणाले.

"मी न्हाई सांगणार. तू येऊन मोज."

"परीक्षा हायत आता पोरांच्या."

"मग तो उंदीर गावाला पोचंल तवा ये. येशील?"

सगळ्यांदेखत विचारलं. सरांनी मान डोलावली. तात्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. त्यांनी सरांचा माऊस हातात घेतला, जसा धरवला तसा, आणि पॅडवर गोल गोल फिरवायला लागले. एसटीची वेळ होईपर्यंत तो म्हातारा तिथं बसून माऊस फिरवत होता. खरखर, खरखर. कुणी त्यांना थांबवलं नाही. जाताना त्यांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "सहाशे मीटर पुढं ढकलला." मी तोंड धुवायचं निमित्त करून नळाशी गेले.

तो आवाज मला अजून येतो. गुळगुळीत पॅडवरून रबराची गोळी घरंगळते, पण तिच्या आत काहीतरी खडबडीत असतं. लेकीला सांगायला गेलं तर ती म्हणते, जुन्या वस्तूंचं तुम्हा लोकांना उगाच कौतुक. कौतुक नाही गं. काही आवाज थांबले तरी आपण ते थांबल्याची खात्री करून घेत राहतो.

बारावीची परीक्षा सुरू झाली तेव्हा वरचे मजले एकदम रिकामे झाले. इमारत इतकी शांत की नळाचा थेंब तिसऱ्या मजल्यावरून ऐकू यायचा. औसा हिरवा झाला. पोरं कमी झाली होती, रोजची भर घटली होती, आणि तरी रस्ता सरत होता. मार्चच्या एका संध्याकाळी मी शेवटची बेरीज टाकली, खिडकी क्षणभर थांबली आणि खालची ओळ हिरवी झाली. 'गाव आलं.' सरांनीच लिहिलेले दोन शब्द.

मी टाळी वाजवायला हात उचलले होते. सरांचा चेहरा पाहून तसेच खाली घेतले.

"जाणार ना सर?"

"परीक्षा होऊ दे."

"आपल्याला कुठं परीक्षा आहेत? त्या वरच्यांना आहेत."

"बघू," सर म्हणाले आणि पडदा काळा केला.

आठवडा गेला. आकडा एकशे बासष्टवर थांबला होता, कारण सरांनी प्रोग्राममध्ये तशी ओळच लिहिली होती, एवढं झालं की मोजणं बंद. मग तात्यांचं पोस्टकार्ड आलं. मी ते वाचलं. पोस्टकार्ड वाचायला परवानगी लागत नाही. 'उंदीर पोचला असंल. मी रोज सांजेला जुन्या गावात बघून येतो. गुडघे धरलेत आता. किती दिवस जाणं होईल सांगता येत न्हाई.' सरांनी ते कार्ड वहीत घातलं आणि मला म्हणाले, "तू आज 'घंटा' परत लिही बरं, पाहू जमतंय का." मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. म्हातारा रोज बाभळीत जाऊन उभा राहतो आणि हा माणूस इथं दारात चपला घालून बसलाय.

म्हणून मी ते केलं. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी क्लासला सुट्टी होती. किल्ली माझ्याकडं असायची. दुपारी मी कुलूप काढलं, सरांचं मशीन लावलं आणि 'चाल'चा प्रोग्राम उघडला. थांबायची ती ओळ शोधली. तिच्यापुढं एक अवतरणचिन्ह टाकलं की मशीन ती ओळ वाचतच नाही. लिहिलेली दिसते, पण तिचा जीव गेलेला असतो. हे मला सरांनीच शिकवलं होतं. मग मी सरांच्या खुर्चीवर बसले आणि माऊस फिरवायला लागले. उंदीर गावाच्या पुढं निघाला तर या माणसाला इथं बसवणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात. किती पुढं न्यायचा ते मला ठाऊक नव्हतं. तात्यांनी सांगितलंच नव्हतं.

ऊन मागच्या झरोक्यातून येत होतं. सात मशीन बंद, त्यांच्यावर निळी कव्हरं. गल्लीत चिटपाखरू नाही. खरखर, खरखर. शंभर मीटर. तीनशे. हात भरून यायचा, मी तो बदलायची. सातशे. पेले हळूहळू किणकिणत होते, माझ्या हाताच्या हिसक्यानं टेबल हलत असणार. हजाराच्या पुढं मनगट पार गेलं म्हणून मी माऊस सोडला आणि हात मांडीवर ठेवला.

खरखर लगेच थांबली नाही.

फार वेळ नाही. दोन-तीन श्वास. आवाज माझ्यासमोरून येत नव्हता, मागून येत होता, सहा नंबरच्या बाजूनं. कव्हरखालून. मी वळून पाहिलं नाही. पडद्यावर लिहिलेलं होतं, गावाच्या पुढं एक किलोमीटर शंभर मीटर. आणि त्याच वेळी वीज गेली. यूपीएस किंचाळायला लागला. मी कशीबशी मशीन बंद केली, कुलूप लावलं आणि बसस्टँडवर पोचेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की मी अनवाणी आले आहे. माझ्या चपला क्लासच्या दाराबाहेर राहिल्या होत्या.

गल्लीची डीपी जळाली होती. होळी, धुळवड, दोन्ही दिवस त्या इमारतीत वीज नव्हती. समोरचा चहावाला शिव्या देत होता त्यावरून कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वीज आली आणि मी सरांच्या आधी पोचले, ते अवतरणचिन्ह पुसायला. चपला दाराशी होत्या तशाच होत्या. मशीन लावलं. खिडकी उघडली.

तीन किलोमीटर चारशे मीटर.

मी डोळे चोळले, मशीन बंद करून परत लावलं. तीन किलोमीटर चारशे मीटर. प्रोग्राम दर दहा मीटरला आकडा लिहून ठेवायचा, तो चुकणं शक्य नव्हतं. आणि विजेवाचून मशीन चालणं तर त्याहून शक्य नव्हतं. माझे अकराशे होते. उरलेले तेवीसशे कुणी चालले? ते एवढंसं चिन्ह पुसायला मी तीनदा चुकले. पुसलं. ओळ पुन्हा जिवंत केली आणि माऊसला हात न लावता झाडू घेतला.

सर आले. बसले. पाहिलं.

"कोण बसलं होतं इथं?"

"कुणी नाही सर," मी म्हणाले. आयुष्यात मी फार खोटं बोललेले नाही, पण ते एक बोलले.

सरांनी प्रोग्राम उघडला. ओळ न् ओळ बोट लावून वाचली. थांबायची ओळ जागेवर होती, धडधडीत जिवंत. तिच्यापाशी ते खूप वेळ थांबले. आपल्याच हातच्या अक्षराला माणूस घाबरलेला मी तेव्हा पाहिला. मग त्यांनी विचारलं, "वीज कधी गेली?"

"होळीच्या आदल्या दिवशी दुपारी."

"आन् आली?"

"आत्ता सकाळी."

सर उठले. वरचा पेला उचलला, खालचा उचलला, दोन्ही सुलटे करून माठाशी ठेवले. "सुनी पुढं निघाली गं," ते म्हणाले. हळू, नेहमीच्या आवाजात, जशी कुणाची बस सुटल्याचं सांगावं. "आन् मी इथंच." पिशवीत एक शर्ट घातला आणि लातूर गाडीची वेळ विचारायला तसेच चहावाल्याकडं गेले.

ते चार दिवस मी क्लास एकटीनं सांभाळला. म्हणजे दारात बसून राहिले, आत गेले नाही. सत्य सांगायचं तर अर्ध्याहून जास्त वेळ मला पश्चात्ताप होत होता. एका माणसाच्या मेलेल्या बहिणीला मी हातानं ढकललं, तेही अकराशे मीटर, आणि वर खोटं बोलले. आणि उरलेला वेळ मला थंडी वाजत होती, मार्चच्या उन्हात. देवाची शपथ, मी ढकलायला लागले नसते तर बाकीचं घडलंच नसतं, असंही वाटायचं. मी तिला नुसती वाट दाखवली का? की ती आधीपासूनच चालत होती, रोज तीस-चाळीस मीटर, आणि मी उगाचच मध्ये हात घातला?

पाचव्या दिवशी सकाळी सर आले. मी दारातच होते. ते माझ्यासमोर थांबले, वाकले आणि चपला काढल्या. मग अनवाणी आत गेले, थेट सहा नंबरपर्यंत, त्या भेगेखाली, आणि तिथली खुर्ची ओढून बसले.

"तात्या कसे आहेत?"

"बरे हायत. मी उतरलो तर सांज झाली होती. नव्या गावाकडं वळलोच न्हाई, जुन्याकडं गेलो. तात्या तिथंच उभे. मला म्हणाले, 'चल, आता इथं थांबून काय करायचं?' मग दोघं चालत घरी गेलो. त्यांनी माझा हात धरला होता. गुडघ्यासाठी म्हणाले." सरांनी खिशातून कागद काढला. "पाऊल मोजत गेलो. चार हजार आठशे पन्नास. तात्यांचाच आकडा हाय, माझाही तेवढाच आला, त्यांच्या चालीनं चाललो म्हणून. घरी गेल्यावर पट्टीनं त्यांचं पाऊल मोजलं. सत्तर सेंटिमीटर. कर बरं गुणाकार."

मी टेबलावरचं कॅल्क्युलेटर घेतलं. आकडे दाबले. आलेलं उत्तर पाहून पुन्हा दाबले.

"तीन हजार तीनशे पंच्याण्णव मीटर, सर."

सरांच्या मशीनवर अजून तीच खिडकी उघडी होती. तीन किलोमीटर चारशे मीटर.

"पाच मीटर जास्त आहेत," मी म्हणाले. दहा-दहा मीटरनं लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये पाचाचा फरक काहीच नसतो, हे आम्हा दोघांना चांगलं ठाऊक होतं.

"तात्यांनी उंबऱ्यापर्यंत मोजलंय," सर म्हणाले. "उंबऱ्यापासून त्यांची बाज पाच मीटरवर हाय."

मी कॅल्क्युलेटर बंद केलं. बाहेर जाऊन सरांच्या चपला सगळ्यांच्या ओळीत नीट लावून ठेवल्या.